बाटलीवरची चिठ्ठी आणि आपला पावसाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पावसाळ्याचे चार महिने घराघरांत एक छोटीशी लढाई चालू असते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी, आणि वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं, आगपेटी फुरफुरते आणि विझते. फडताळातल्या बाटल्यांवर चिकटवलेले कागद आधी एका कोपऱ्याने उचकटतात, मग शाई पसरते आणि शेवटी कागद बाटलीच्या तळाशी लोळत पडतो. बाटली तीच, आतला जिन्नसही तोच. पण त्याचं नाव गेलेलं असतं. आज बोलायचं आहे ते या नावाबद्दल. बाटलीवरचं नाव ओलीत टिकावं म्हणून माणसाने काय काय केलं, त्याबद्दल.

विषय क्षुल्लक वाटेल. पण या चिठ्ठीपायी व्यापार झाला, कायदे झाले, आणि ती नसल्यापायी माणसंही दगावली आहेत.

सुरुवात आपल्या कल्याणपासूनच करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत कल्याणचा उल्लेख आहे. थोरल्या सातवाहन राजाच्या काळात हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पुढे सत्ता बदलली आणि तिथे येणारी ग्रीक गलबतं पहाऱ्याखाली भडोचकडे नेली जाऊ लागली, असं तो लिहितो. याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीत द्राक्षाचं मद्य आहे. इटलीचं, लाओडिसियाचं आणि अरबस्तानचं, असं गावांच्या नावानिशी. म्हणजे कोणतं मद्य कुठलं, हे गिऱ्हाइकाला कळणं दोन हजार वर्षांपूर्वीही महत्त्वाचं होतं.

हे मद्य यायचं दोन कानांच्या उंच, निमुळत्या मातीच्या कुंभांतून. त्यांना अम्फोरा म्हणतात. कुंभ झिरपू नये म्हणून त्याला आतून राळेचा लेप असे. खांद्यावर किंवा मानेवर कुणी शाईने माल, वजन, व्यापाऱ्याचं नाव लिही. कुणी माती ओली असतानाच कानावर शिक्का उमटवी. शाईचं लिखाण पुसलं जाई, शिक्का टिके. आपल्याकडे नेवाशाला, घारापुरीला अशा कुंभांची खापरं सापडली आहेत. पण त्यातही एक गंमत आहे. भारतात सापडलेली अशी बरीच खापरं पूर्वी सरसकट रोमन समजली जात. रॉबर्टा टॉम्बर या संशोधिकेने ती पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली कित्येक रोमन नसून इराण-इराकच्या बाजूच्या कुंभांची निघाली. त्या कुंभांना आतून डांबरासारखा लेप होता. अंगावर नाव नसलं, की विद्वानांनाही असा फेरा पडतो.

आणि नाव टिकलं, तर काय होतं? १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर सापडली. तीत मद्याचे कुंभ होते आणि त्यांतल्या २६ कुंभांवर शाईने नोंदी होत्या. राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष, मळा कुठला, मद्य करणारा मुख्य कारागीर कोण, एवढं सगळं त्यांवर आहे. सव्वातीन हजार वर्षांनंतरही त्या कारागिरांची नावं आपण वाचू शकतो. पण त्यात इजिप्तच्या कोरड्या हवेचा वाटा मोठा आहे, हे विसरू नये. तीच नोंद कल्याणच्या खाडीकाठी चार पावसाळे तगली असती का, हा प्रश्नच आहे.

आपल्याकडच्या माणसांना ओलीची जाण नव्हती, असं मात्र नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ते दगडात कोरले म्हणून आजवर पाऊस सोसून उभे आहेत. पोथ्या लिहिणाऱ्यांकडे शाईचे दोन प्रकार असत, कच्ची आणि पक्की. काजळी आणि डिंक घोटून केलेली शाई कच्ची. डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओला हात लागला की अक्षर पसरतं. पक्क्या शाईसाठी लाख पाण्यात उकळत. नुसत्या पाण्यात लाख विरघळत नाही, म्हणून त्यात टाकणखार घालत आणि त्या पाण्यात काजळी घोटत. अशी शाई वाळली की लाखेचा पापुद्रा अक्षराला धरून ठेवतो. एरवी दागिन्यात भरायची, मोहोर उठवायची ती लाख इथे अक्षरांची राखण करायची.

आता काचेच्या बाटलीकडे येऊ. मातीला शाई धरते, काचेला धरत नाही. गुळगुळीत काचेवर नाव टिकवायचं कसं, याची तीन उत्तरं युरोपात निघाली.

पहिलं उत्तर, नाव चिकटवायचंच नाही, टांगायचं. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत मद्याच्या बाटलीच्या गळ्यात चांदीची छोटी पाटी साखळीने अडकवत. ओल लागो, मद्य सांडो, पाटी पुसली की झालं. १८६० च्या सुमारास तिथे सुटी बाटली दुकानातून विकायला मोकळीक मिळाली आणि कागदी लेबलांचा जमाना आला. चांदीच्या पाट्या मग हळूहळू शोभेपुरत्या उरल्या.

दुसरं उत्तर, नाव काचेतच ओतायचं. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली गळ्यात काचेची गोटी असलेल्या सोडा बाटलीचं पेटंट घेतलं. तीच आपली गोटी सोड्याची बाटली. तिच्या अंगावर कारखान्याचं नाव उठावदार अक्षरांत असे. ती बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, पुन्हा पुन्हा धुऊन भरायची. तिथे कागदाचं कामच नव्हतं. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत काचेवर रंगाची अक्षरं छापून ती भट्टीत भाजून पक्की करण्याची पद्धत आली आणि शीतपेयांच्या बाटल्यांवर ती कित्येक वर्षं राहिली.

तिसरं उत्तर कागदाचं. ते सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत जास्त पसरलेलं. शिळाछापाची कला १८२० च्या दशकात मुंबईत आली. पुढे रंगीत छपाई सुरू झाली. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि नंतर मळवलीला गेलेला रविवर्मा छापखाना आपल्याला देवादिकांच्या चित्रांमुळे ठाऊक आहे. पण पुढच्या काळात जाहिराती आणि मालावरची लेबलं हेही त्याचं काम झालं. या छपाईचा एक मोठा गुण होता. छपाईची शाई तेलात घोटलेली, त्यामुळे ती पाण्याने पसरत नाही. दौतीतल्या शाईने लिहिलेली चिठ्ठी भिजली की निळा डाग उरतो. छापील चिठ्ठी भिजली तरी वाचता येते. पण कागद आणि गोंद यांचं दुखणं उरलंच.

गोंदाचं दुखणं आपल्याकडे जास्त. आपला घरगुती गोंद म्हणजे खळ. कणकेची किंवा तांदळाच्या पिठाची. ती सादळली की कागद सोडते, शिवाय बुरशी आणि झुरळं यांना ती आवडते. म्हणून पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालत. त्याने कीड आवरते, पण पाणी आवरत नाही. बाभळीच्या डिंकाचीही तीच गत. जो पाण्यात विरघळतो म्हणून लावायला सोपा, तो पाण्यातच सुटायचा. १९५९ पासून फेव्हिकॉल घराघरांत आला. लाकडाला तो उत्तम. पण साधा पांढरा फेव्हिकॉलही सतत ओलीत राहिला की मऊ पडतो.

बाटलीच्या धंद्याने यावर काढलेला उपाय ऐकून गंमत वाटेल. तो उपाय म्हणजे दूध. दूध नासलं की जो चोथा वेगळा होतो, त्यात केसिन नावाचं प्रथिन असतं. त्यात चुना किंवा तशाच जातीचा क्षार मिसळला की चिवट गोंद होतो. बिअरच्या कारखान्यांनी हा केसिनचा गोंद फार वापरला, कारण तो बर्फाच्या पाण्यात लेबल सोडत नाही आणि रिकामी बाटली परत आल्यावर गरम खाराच्या पाण्यात मात्र निमूटपणे सोडतो. हवं तोवर धरायचं आणि नको तेव्हा सोडायचं, हा गोंदाचा खरा गुण. परदेशात घरी वाइन करणारे लोक तर लेबलाच्या पाठीवर नुसतं दूध फासूनही ते चिकटवतात. ते कारखान्याच्या गोंदाइतकं पक्कं नसतं, पण कोरड्या कपाटात वर्षभर टिकतं आणि धुताना त्रास देत नाही.

हे सगळं बाटलीच्या शोभेसाठी, असं कुणी म्हणेल. तसं नाही. जुन्या दवाखान्यांची आठवण ज्यांना आहे, त्यांना कंपाउंडरने दिलेलं मिक्श्चर आठवेल. बाटली रोग्याने घरून न्यायची. कंपाउंडर तिच्या अंगावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत एक डोस. ती पट्टी सुटली, की औषध किती घ्यायचं याचं मापच हरवलं. आणि त्याच फडताळात फिनेलची बाटली, रॉकेलची बाटली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विषाच्या बाटल्या निळ्या काचेच्या आणि खाचाखाचांच्या करत, त्या यासाठीच, की अंधारात, लेबल न वाचताही बोटांना धोका कळावा. आपल्याकडे १९४० चा औषधांचा कायदा आणि १९४५ चे नियम आले, तेव्हा औषधावर काय काय लिहिलं पाहिजे हे ठरलं. २६ जुलै २००५ च्या पुरासारखं पाणी घरात शिरतं, तेव्हा बाटल्या वाचतात आणि नावं वाहून जातात. अशा वेळी नियम एकच. नाव गेलेलं औषध हे औषध नव्हे, ते टाकून द्यायचं.

आता ठाण्याच्या एका जुन्या समाजाकडे वळू. ठाणे, साष्टी, वसई या पट्ट्यातले मराठी बोलणारे कॅथलिक, म्हणजे ईस्ट इंडियन. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली ही इथलीच माणसं. गंमत पाहा, या समाजाचं नाव हीसुद्धा विचारपूर्वक लावलेली एक चिठ्ठीच आहे. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांची नावंही पोर्तुगीज वळणाची. सरकारदरबारी सगळे एकच समजले जाऊ लागले. तेव्हा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीशी आपलं जुनं नातं सांगणारं हे नाव समाजाने स्वीकारलं आणि आपली संस्था काढली. आपण वेगळे आहोत हे सांगायला नाव लागतं, आणि ते टिकावं लागतं.

या समाजाच्या स्वयंपाकघरात बाटलीला मोठा मान. त्यांच्या प्रसिद्ध मसाल्याचं नावच बाटली मसाला. डझन-दोन डझन जिन्नस उन्हाळ्यात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि पावसाच्या आत बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणजे उजेड आणि ओल दोन्ही बाहेर राहतात. आणि नाताळ जवळ आला की घरची वाइन. मनुकांची, आल्याची, बिटाची. जांभळाच्या दिवसांत जांभळाची. साखर, यीस्ट, कुठे मूठभर गहू, आणि चिनी मातीची बरणी. काही आठवडे ती आंबते, मग गाळायची, निवळू द्यायची आणि बाटल्यांत भरायची. इथे चिठ्ठी किती मोलाची, ते लक्षात घ्या. बिटाची आणि जांभळाची वाइन रंगावरून ओळखू येत नाही. त्याहून महत्त्वाची असते तारीख. आंबणं पुरतं थांबायच्या आत बाटली घट्ट बुचली, तर आत वायू साठून बूच उडतं, प्रसंगी बाटली फुटते. कोणत्या दिवशी भरली हे लिहिलेलं असेल, तरच कोणती आधी उघडायची ते कळतं.

पण घरच्या बाटलीवर ठसठशीत नाव घालण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजली नाही, आणि त्याला कायद्याचा इतिहासही कारण आहे. ठाणे जिल्ह्यात ताडी-माडी आणि मोहाची दारू पिढ्यान्‌पिढ्या होत होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारने तिच्यावर आपली पकड बसवली. १८९२ साली मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना लागू केला. त्याने फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. घरगुती भट्टी बंद आणि परवान्याची दारू चालू, अशी ती व्यवस्था. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तोच आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून चालू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करायला आणि विकायला तो मनाई करतो. लपवायच्या वस्तूवर कोण नाव लिहिणार? सरकारमान्य बाटलीला लेबल आणि बाकी सगळं बेनामी, अशी विभागणी झाली.

बेनामी बाटलीची किंमत आपण मोजली आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. तिच्यात मिथेनॉल होतं. पिणाऱ्याला ते चवीवरून कळत नाही, आणि सांगायला वर काही लिहिलेलंही नसतं. चिठ्ठी म्हणजे कुणीतरी घेतलेली जबाबदारी. हे मी केलं, या दिवशी केलं, यात हे आहे, आणि काही बिघडलं तर मला विचारा. एवढं सगळं त्या चार ओळींत असतं.

म्हणूनच डोंबिवली-कल्याणमधल्या ज्या गृहिणी सरबतं, लोणची, मोरावळा करून विकतात, त्यांनाही कायदा हेच सांगतो. फळांच्या पदार्थांसाठी १९५५ चा आदेश होता. सरबताच्या बाटलीवरचं एफपीओचं चिन्ह त्याचंच. २०११ पासून अन्नसुरक्षेचे नवे नियम लागू झाले. त्यांत आधीपासूनच एक साधी अट आहे. लेबल असं लावलेलं हवं, की ते डब्या-बाटलीपासून सुटणार नाही. नाव काय लिहावं हे सांगणारा कायदा नाव टिकवावं हेही सांगतो, तो उगाच नव्हे.

तर मग ते टिकवायचं कसं? इतक्या शतकांच्या खटाटोपातून हाती येतं, ते थोडक्यात सांगतो. सरबत, लोणचं, मसाला, शिरका, कशालाही ते लागू आहे.

पहिली गोष्ट अक्षराची. दौतीची किंवा जेल पेनाची शाई बहुधा पाण्याने पसरते, घरच्या शाईच्या प्रिंटरचीही बऱ्याचदा तीच गत. पेन्सिलीचं अक्षर पाण्याने पसरत नाही, फक्त फिकं दिसतं. सर्वांत स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे झेरॉक्स. चेस्टर कार्लसन या अमेरिकन गृहस्थाने १९३८ साली शोधलेल्या या तंत्रात शाई नसतेच. प्लॅस्टिकची काळी भुकटी उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते. लेझर प्रिंटरचंही तसंच. ते अक्षर भिजून पसरत नाही. एका पानावर वीस चिठ्ठ्या लिहून स्टेशनजवळच्या दुकानात त्याची प्रत काढली, की काम झालं.

दुसरी गोष्ट कागदाची. कागद पाणी पितो तो मुख्यतः कडांनी. म्हणून चिठ्ठीवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावताना ती कागदाच्या चारही बाजूंनी बोटभर बाहेर, काचेवर आली पाहिजे. कागदाबरोबर कापलेली पट्टी निरुपयोगी, कारण कडा उघड्याच राहतात. पट्टी नको असेल, तर मेणबत्ती चिठ्ठीवर घासावी आणि वरून कोमट इस्त्री कागद ठेवून फिरवावी. मात्र हे चिकटवायच्या आधी करायचं आणि पाठीला मेण लागू द्यायचं नाही. लाखेचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमधला चपडा, हाही जुना आणि चांगला उपाय. आधी एका तुकड्यावर लावून अक्षर पसरत नाही ना, ते पाहावं.

तिसरी गोष्ट काचेची, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. बाटली थंड असेल, तर दमट हवेत तिला न दिसणारा घाम असतो. त्या घामावर कोणताही गोंद बसत नाही. बाटली धुऊन, पुसून, घटकाभर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवून कोमट झाली की मगच चिठ्ठी लावावी. तेलाचा हात काचेला लागू देऊ नये. फ्रिजमध्ये जायच्या बाटलीला तयार प्लॅस्टिकचं स्टिकर घ्यावं. पाठीला गोंद असलेली अशी लेबलं करण्याचं यंत्र स्टँटन एव्हरीने १९३५ साली काढलं, आणि आज ती कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात.

आणि एवढं करूनही भरवसा नसेल, तर अठराव्या शतकाचा उपाय आहेच. बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने एक पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी अडकवावी आणि तिच्यावर खिळ्याने कोरून आकडा घालावा. त्या आकड्यापुढचा तपशील वहीत लिहून ठेवावा. वही कोरड्या कपाटात राहते, ओलीशी झुंजायचं काम फक्त एका आकड्याला करावं लागतं.

कल्याणच्या बंदरात उतरलेल्या कुंभांमधलं मद्य कुणाचं होतं, ते आज सांगता येत नाही. तुतनखामेनच्या मद्याचं सांगता येतं. आपल्या घरातल्या बाटलीचं यापैकी काय व्हावं, हे बाटली कोमट करण्याच्या पाच मिनिटांवर आणि बोटभर रुंद चिकटपट्टीवर अवलंबून आहे. जिन्नस, कुणी केला आणि तारीख; या तीन गोष्टी पहिल्या पावसाच्या आत लिहून टाका.